पट्टी, कात्री आणि कायदा

औषधांच्या दुकानांत जाऊन तीन गोळ्या मागाव्या आणि दुकानदारानें दहांची पट्टी पुढें सारावी, हा अनुभव ज्यास आला नाहीं असा गृहस्थ आमच्या वाचकांत क्वचितच असेल. डॉक्टरानें चिठ्ठीवर तीन दिवसांचें औषध लिहिलेलें असतें आणि खिशांत बहुधा तितक्याचेच पैसे असतात. ग्राहक सुस्थितींतला असला तर कुरकुरत कां होईना दहा गोळ्यांचे पैसे मोजतो, आणि उरलेल्या सात गोळ्या घरच्या डब्यांत मुदत संपेपर्यंत पडून राहतात. पण तो हातावर पोट असणारा असला तर? परवां एका दुकानासमोर उभे असतां आम्हीं जें पाहिलें तेंच याचें उत्तर होय. धुणींभांडीं करणारी एक बाई रक्तदाबाच्या पांच गोळ्या मागत होती. पगार व्हावयास तितकेच दिवस राहिले होते. "मावशी, पंधराची पट्टी आहे, तोडून देत नाहीं," असें उत्तर मिळालें, आणि ती कांहीं न बोलतां पायरी उतरून गेली. दुकानदार दुष्ट नव्हता. तिच्या मागच्या गृहस्थास त्यानें औषध जेवणानंतर घेण्याची आठवण मोठ्या आपुलकीनें करून दिली. परंतु रक्तदाबाची गोळी पांच दिवस चुकणें म्हणजे काय, हें त्या दोघांपैकीं ज्यास पक्कें ठाऊक होतें त्यानेंच ती नाकारली, हेंहि विसरतां येत नाहीं.

हा प्रश्न एका दुकानाचा असता तर आम्हीं त्यासाठीं हा स्तंभ खर्ची घातला नसता. पूर्ण पट्टी घेण्याच्या सक्तीविषयीं ग्राहकांच्या तक्रारी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे गेल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यांत त्या खात्यानें औषध कारखानदारांशीं व औषध नियंत्रकांशीं विचारविनिमय चालविल्याचें प्रसिद्ध झालें. टपालाच्या तिकिटांप्रमाणें पट्टीवर छिद्रांच्या रेघा पाडाव्या, म्हणजे हवा तितका भाग हातानें वेगळा करतां येईल. प्रत्येक भागावर औषध तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख छापावी. जमल्यास क्यूआर कोडहि द्यावा. अशी ती सूचना होती. सूचना सरळ आहे, आणि ती समजण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. तरी पण दुकानांतली कात्री आजहि होती तेथेंच आहे. तिच्याभोंवतीं सरकार, कारखानदार व औषधविक्रेते यांच्यांत जी चर्चा चालते, तींत ज्याचा जीव अडकला आहे त्या रोग्याची खुर्ची मात्र रिकामी असते.

पट्टीची रचना एकदां नीट पाहावी. औषधाचें नांव पट्टीच्या पाठीवर पुष्कळ वेळां छापलेलें असतें. परंतु बॅच नंबर, मुदत व किंमत हीं बहुधा एका टोंकास उठविलेलीं असतात. दुकानदार शहाणा असला तर दुसऱ्या टोंकाकडून कापतो, म्हणजे मुदतीचा मजकूर शेवटच्या गोळीपर्यंत त्याच्यापाशीं शिल्लक राहतो. यांत त्याची सोय झाली. पण ज्यानें पहिल्या चार गोळ्या नेल्या त्याच्या हातीं आला तो नुसता चकचकीत कागद. महिन्याभरानें घरांत तो तुकडा सांपडला तर तें औषध कोणतें, किती जोराचें, आणि अजून घेण्यासारखें आहे कीं फेंकण्यासारखें, हें सांगणार कोण? आमच्या आजोबांच्या काळीं दवाखान्यांतला कंपाउंडर मिश्रणाच्या बाटलीवर डोसांच्या खुणा कातरलेला कागद चिकटवून देई, आणि पुड्या मोजून बांधी. रोग्यास जितकें हवें तितकेंच मिळे. त्या पुडींत काय होतें हें रोग्यास कळत नसे, हा त्या पद्धतीचा मोठा दोष होता, आणि कारखान्यांत बंद झालेल्या पट्टीनें तो घालविला. परंतु मोजून देण्याची जी चांगली चाल होती, तीहि त्याबरोबर जाऊं लागली आहे.

आतां औषधविक्रेत्यांची बाजू. ती पोकळ नाहीं, म्हणून ती आंकड्यांनींच मांडतों. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानें आवश्यक औषधांची जी कमाल किंमत ठरते, तींत किरकोळ विक्रेत्याचा वांटा शेंकडा १६ धरलेला आहे. कर बाजूस ठेवून हिशेब करूं. दुकानदारास दहा गोळ्यांची पट्टी १०० रुपयांस पडली, तर ती ११६ रुपयांस विकावयाची, म्हणजे गोळीमागें ११ रुपये ६० पैसे. नऊ गोळ्या विकल्या गेल्या तर १०४ रुपये ४० पैसे आले, ठीक आहे. आठच विकल्या गेल्या आणि दोन पडून राहिल्या, तर ९२ रुपये ८० पैसे आले. नफा तर नाहींच, उलट पदरचे ७ रुपये २० पैसे गेले. दुकानाचें भाडें, विजेचें बिल, नोंदणीकृत फार्मासिस्टाचा पगार हीं यांतच. शिवाय अखंड पट्टीची मुदत संपली तर ती घाऊक व्यापाऱ्यामार्फत कंपनीकडे परत जाऊं शकते. तोडलेली पट्टी सामान्यतः कोणी परत घेत नाहीं. कात्री लावली त्या क्षणीं सर्व जोखीम साखळींतल्या सर्वांत लहान माणसाच्या माथीं आली. व्यापार करणारे जे आमचे वाचक आहेत त्यांस हें अधिक फोडून सांगण्याची गरज नाहीं.

तथापि या हिशेबाला दुसरेंहि अंग आहे. तापाच्या, पित्ताच्या, मधुमेहाच्या नित्य खपणाऱ्या गोळ्यांचा तुकडा उरला तर तो दोन दिवसांत दुसरें गिऱ्हाईक नेतें. तेथें नुकसान होतें हें म्हणणें खरें नव्हे. नुकसान होतें तें क्वचित् खपणाऱ्या महाग औषधांत. पण नकार मात्र दोन्हीकडे एकाच स्वरांत मिळतो. तसेंच ज्या औषधांच्या किंमतीस सरकारी मर्यादा नाहीं त्यांत विक्रेत्याचा वांटा शेंकडा २० धरण्याची व्यापारांतली चाल आहे, आणि कांहीं मालावर तर छापील किंमत व खरेदीची किंमत यांत केवढें अंतर असतें हें धंद्यांतल्या लोकांस आम्हीं सांगावयास नको. शेंकडा १६ चें रडगाणें सगळ्या कपाटास लागू पडत नाहीं.

कायदा याविषयीं काय म्हणतो? वर सांगितलेल्या आदेशाचें २७ वें कलम असें आहे कीं, सुट्या गोळ्या विकतांना पट्टीच्या किंमतीच्या प्रमाणाबाहेर पैसे घेतां येणार नाहींत. २८ व्या कलमांत असें आहे कीं, आपल्यापाशीं असलेलें औषध विकत घेऊं इच्छिणाऱ्या ग्राहकास विक्रेत्यानें नाकारूं नये. हीं दोन कलमें शेजारींशेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे साधा मनुष्य म्हणेल कीं, झालें, तोडून देणें हें दुकानदाराचें कर्तव्यच ठरलें. पण वकिलाची नजर इतक्यावर थांबत नाहीं. दुकानदार म्हणेल, 'मी नाकारतों कोठें? पूर्ण पट्टी घ्या कीं!' आणि २७ वें कलम किती दर घ्यावा तें सांगतें. सुटें द्यावेंच असें म्हणत नाहीं. या दोन कलमांच्या मधल्या फटींतून ती बाई रिकाम्या हातानें पायरी उतरली. आमच्या मतें दोन्ही कलमांचा हेतु एकच आहे आणि न्यायालयानें तो तसाच वाचावा. परंतु पांच गोळ्यांसाठीं न्यायालयांत कोण जाणार? ज्या हक्काची किंमत वकिलाच्या एका नोटिशीच्या खर्चाहून कमी, तो हक्क नियमांत स्पष्ट शब्दांनीं लिहावा लागतो, अर्थावर सोडून भागत नाहीं.

त्याच २८ व्या कलमांतली आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कारखानदारानें वा वितरकानें विक्रेत्यास माल नाकारूं नये असेंहि तेथें म्हटलें आहे. पण 'योग्य व पुरेशा कारणावांचून' अशी पळवाट त्यांस ठेवली आहे. विक्रेत्यानें ग्राहकास नाकारूं नये, या वाक्यास मात्र असा अपवाद जोडलेला नाहीं. म्हणजे मोठ्यास सबब आणि लहानास बंधन. ग्राहकाच्या दृष्टीनें विक्रेत्यावरचें बंधन असेंच कडक हवें, याविषयीं आमचा वाद नाहीं. पण ज्यानें पट्टी दहांची करावयाची कीं पंधरांची हें ठरविलें, बॅच नंबर एकाच टोंकास छापला, आणि तुटकी पट्टी परत घेण्याचें नाकारलें, तो कारखानदार या भांडणांत कोठेंच दिसत नाहीं. ग्राहक दुकानदारावर चिडतो, दुकानदार सरकारावर चिडतो, आणि तिसरा पक्ष दोघांची शोभा पाहत बसतो.

कारखानदारांकडून कायद्याची अडचण सांगितली गेली तर तीहि तपासून पाहावी. १९४५ च्या औषध नियमांतील १०५ वा नियम व त्यास जोडलेलें परिशिष्ट असें सांगतें कीं, ज्या औषधांसाठीं वेगळें माप ठरविलेलें नाहीं त्यांच्या गोळ्या दहाहून कमी असल्या तर पाकीट कितीहि गोळ्यांचें करावें, दहाहून अधिक असल्या तर पांचाच्या पटीनें करावें. म्हणजे तीन गोळ्यांची किंवा पांच गोळ्यांची पट्टी काढावयास सामान्यतः कोणी हात धरलेला नाहीं. छिद्रांची रेघ पाडूं नका, किंवा मुदत प्रत्येक गोळीच्या पाठीमागें छापूं नका, असें तर कोणताच नियम म्हणत नाहीं.

या नियमांचा जन्महि येथें आठवावा. बाजारांत निकस व भेसळीचीं औषधें फार झालीं म्हणून १९३० सालीं सरकारनें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली, तिचा अहवाल पुढच्या वर्षीं आला, आणि कायदा व्हावयास १९४० साल उजाडलें. त्या पिढीपुढचा प्रश्न 'बाटलींत आहे तें खरें आहे काय?' हा होता, आणि लेबलाचे नियम त्या दृष्टीनें झाले. 'रोग्यास लागतें तितकेंच मिळतें काय?' हा प्रश्न त्या वेळीं पडलाच नव्हता, कारण कंपाउंडर पुड्या बांधीत होता. आज तो प्रश्न पडला आहे. अहवालानंतर कायद्यास नऊ वर्षें लागलीं हें परक्या सरकारच्या माथीं मारतां येत होतें. आतां ती सोय नाहीं.

आणि सरकारास त्वरा करतां येत नाहीं असेंहि नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत वस्तु व सेवा कराचे दर बदलले. बहुतेक औषधांवरील कर शेंकडा १२ वरून ५ वर आला, आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू व्हावयाचा होता. दुकानांत, गुदामांत, मालमोटारींत जुन्या छापील किंमतीचा अफाट माल पडलेला. तो परत बोलावून नवीं लेबलें लावावयाचीं म्हटलें असतें तर औषधांचा पुरवठाच अडला असता. औषध किंमत प्राधिकरणानें मुदतीच्या आधींच खुलासा केला कीं, कारखानदारांनीं सुधारलेल्या किंमतींची यादी विक्रेत्यांस व राज्यांच्या औषध नियंत्रकांस द्यावी, आणि ग्राहकास कमी किंमत प्रत्यक्ष मिळेल अशी तजवीज करावी. तसें झाल्यास जुना माल परत बोलावण्याची वा त्यावर नवें लेबल चिकटविण्याची सक्ती नाहीं. हा निर्णय शहाणपणाचा होता आणि तो वेळेवर झाला. त्याआधीं १ ऑगस्ट २०२३ पासून निवडक ३०० औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणें सक्तीचें झालें, तेंहि कारखान्यांनीं केलेंच. छपाई बदलणें अशक्य आहे ही सबब त्या दिवशींच संपली.

औषधविक्रेत्यांच्या संघटनेशीं आम्हांस दोन शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत, आणि ते आपलेपणानें. १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ या तीन दिवशीं देशभर औषधांचीं दुकानें बंद ठेवण्याची हांक तुम्हीं दिलीत. मुख्य गाऱ्हाणें इंटरनेटवरून होणाऱ्या औषधविक्रीचें होतें. कापडवाल्यानें एक दिवस दुकान बंद ठेवलें तर लग्नाचें लुगडें उद्यां घेतां येतें. औषधांचें तसें नाहीं, हें तुम्हांस आमच्याहून अधिक कळतें. तें असो. तुमचा मुद्दा हा होता कीं, दूरच्या कंपनीस रोग्याचा चेहरा दिसत नाहीं, आम्ही त्यास ओळखतों, रात्रीं अपरात्रीं उपयोगीं पडतों. हा मुद्दा आम्हांस मान्य आहे. पण मग सांगा, त्या दूरच्या कंपनीस जें करतां येणार नाहीं असें तुमच्या हातीं काय आहे? तिच्याकडचा हिशेब बहुधा पट्टीचाच. ती सवलत देईल, घरपोंच आणून देईल, परंतु रात्रीं दहा वाजतां दोन गोळ्या कापून 'पैसे उद्यां द्या' असें म्हणणार नाहीं. तें फक्त गल्लींतला दुकानदार म्हणूं शकतो. पट्टी तोडण्यास नकार देऊन तुम्ही तुमच्या शत्रूच्याच पद्धतीनें दुकान चालवूं लागलां आहां, आणि त्या पद्धतीनें तो तुमच्यापेक्षां स्वस्त विकणार हें ठरलेलें आहे. शिवाय नवे वितरक नेमतांना संघटनेच्या संमतिपत्राची अट व ठराविक वांट्याचा आग्रह यांवरून २०१३ सालीं स्पर्धा आयोगानें याच संघटनेस दोषी धरून दंड केला होता. लोकांची सहानुभूति हवी असेल तर लोकांच्या गरजेचें कांहीं तरी वाटाघाटींत पुढें ठेवावें लागेल. नुसता वांट्याचा आंकडा पुढें ठेवून ती मिळत नाहीं.

एक आक्षेप गंभीर आहे. सुट्या गोळ्या सहज मिळूं लागल्या तर लोक जंतुनाशक औषधांचे दोन डोस घेऊन बरें वाटतांच थांबतील, आणि मग तेंच औषध पुढें लागू पडेनासें होईल, असें डॉक्टर म्हणतात. भीति खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय पूर्ण पट्टी हा नव्हे. पूर्ण चिठ्ठी हा आहे. पांच दिवसांच्या दहा गोळ्या लिहिल्या असतील तर दहा द्याव्या. सहा लिहिल्या असतील तर सहाच द्याव्या, म्हणजे उरलेल्या चार पुढच्या खोकल्यास शेजाऱ्याच्या मुलास दिल्या जाणार नाहींत. अमेरिकेंत फार्मासिस्ट गोळ्या मोजून बाटलींत घालतो आणि रोग्याचें नांव व सूचना लिहिलेलें लेबल तिच्यावर लावतो. मोजणें हाच तेथें त्याच्या विद्येचा भाग मानला जातो. उलट ब्रिटनमध्यें व्हॅल्प्रोएट हें अपस्माराचें औषध ११ ऑक्टोबर २०२३ पासून कारखान्याच्या मूळ पाकिटांतच द्यावें असा नियम झाला, कारण गरोदरपणीं तें घेतल्यास गर्भास इजा होते आणि त्याची ताकीद पाकिटावर असते. अशीं थोडीं औषधें आमच्याकडेहि अखंड पाकिटांतच द्यावीं. त्यांची यादी तज्ज्ञांनीं ठरवावी. अपवाद कारणासह लिहिलेला असला म्हणजे नियम पाळणें सोपें जातें. सध्यां कारण न लिहितां सगळाच अपवाद चालला आहे.

तेव्हां सौदा काय व्हावा तें आम्ही सांगतों. सौदा हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण एका पक्षानेंच सोडावें असें यांत कांहीं नाहीं. कारखानदारानें प्रत्येक गोळीच्या पाठीमागें नांव, शक्ति, बॅच नंबर व मुदत छापावी. हें लगेच सर्व औषधांस न जमल्यास किंमत नियंत्रणाखालच्या आवश्यक औषधांपासून आरंभ करावा, कारण गरीबाची खरेदी तींच आहे. मुदत संपलेली तुटकी पट्टी, शिल्लक गोळ्या मोजून, कंपनीनें अखंड पट्टीप्रमाणेंच परत घ्यावी आणि तें नियमांत लिहावें. हें आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें आहे. छिद्रांच्या रेघा सुंदर पाडल्या आणि नुकसान दुकानदाराच्याच अंगावर ठेवलें, तर पट्टी तुटेल पण दुकानदार तोडणार नाहीं. हीं दोन्ही होतांच २७ व्या कलमास एक वाक्य जोडावें कीं, चिठ्ठींत लिहिलेल्या संख्येइतक्या गोळ्या मागितल्यास विक्रेत्यानें दिल्याच पाहिजेत. त्या दिवसापासून 'तोडून देत नाहीं' या उत्तरास दुकानांत जागा नाहीं.

छपाईचा व परतीचा खर्च वाढेल आणि तो शेवटीं ग्राहकावरच पडेल, असें कोणी म्हणेल. पडूं द्या. गोळीमागें कांहीं पैसे अधिक देण्यास ग्राहक नाराज होणार नाहीं. तीन गोळ्या हव्या असतां सात गोळ्यांचे पैसे फुकट घालविण्यास तो आजहि नाराजीनेंच तयार होतो.

तोंवर आमच्या वाचकांनीं एवढें करावें. सुट्या गोळ्या घेतल्या तरी पावती मागावी आणि तिच्यावर बॅच नंबर व मुदत आहे कीं नाहीं तें पाहावें. ती पावती व गोळ्या एकाच पाकिटांत ठेवाव्या. दुकानदारानें पट्टीच्या प्रमाणाबाहेर दर लावला तर २७ व्या कलमाचें नांव घ्यावें, आणि त्यानें ऐकलें नाहीं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी कळवावें. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या औषधविक्रेत्यांच्या मंडळांनीं पुढच्या बैठकीस जातांना वर्षभरांत पडून राहिलेल्या तुटक्या पट्ट्या एका खोक्यांत भरून बरोबर न्याव्या आणि त्या कारखानदारांच्या प्रतिनिधीसमोर टेबलावर ओताव्या. मोजणी तेथेंच होऊं द्यावी.